विरजण, इन्सुलिन आणि १२० ग्रॅमची पुडी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत सादर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपती ही विद्येची देवता, आणि व्याख्यान हा सार्वजनिक गणेशोत्सवाचा जुना मानकरी. म्हणून मंडळाने 'विज्ञान लोकांपर्यंत कसे न्यावे' हा विषय सुचवला, तेव्हा आम्ही आनंदाने होकार दिला. आम्ही म्हणजे आपल्या हैदराबादेतल्याच प्रयोगशाळांत आणि महाविद्यालयांत जीवशास्त्राचे काम करणारी पाच-सहा मराठी मंडळी. सुट्टीच्या दिवशी शाळा, महिला मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ अशा ठिकाणी जाऊन आमच्या विषयाबद्दल मराठीत बोलायचे, असा आमचा काही वर्षांचा परिपाठ आहे. आजचे भाषण एकाच्या तोंडून येत असले तरी ते सर्वांनी मिळून लिहिले आहे. म्हणून त्यात 'मी' नाही, 'आम्ही' आहे.

आमच्या विषयाचे नाव संश्लेषी जीवशास्त्र. इंग्रजीत त्याला सिंथेटिक बायॉलॉजी म्हणतात, आणि अडचण नावापासूनच सुरू होते. 'सिंथेटिक' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? घाम न शोषणारी साडी. त्याहून वाईट म्हणजे सिंथेटिक दूध, युरिया आणि साबणाचा चुरा घातलेले. 'कृत्रिम जीवशास्त्र' म्हणावे, तर कृत्रिम म्हणजे खोटे असा अर्थ मनात येतो. त्यामुळे विषय उघडण्याआधीच ऐकणारा सावध झालेला असतो. आमच्या मते या सावधपणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. दुधातली भेसळ ओळखायला शिकलेल्या माणसाने नव्या 'सिंथेटिक' गोष्टीकडे डोळे बारीक करून पाहावे, हे शहाणपणाचेच आहे. त्याला 'अज्ञानी' म्हणून पुढे जाणारा वक्ता पहिल्या पाच मिनिटांतच सभा गमावतो.

मग सुरुवात कुठून करायची? आम्ही विरजणापासून करतो. कोमट दुधात चमचाभर दही घातले की सकाळपर्यंत भांडेभर दही लागते. त्या चमच्यातले जिवाणू दुधातली साखर खातात, तिचे आम्ल करतात आणि रातोरात आपली संख्या कितीतरी पटींनी वाढवतात. आपल्या घरातल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या जिवंत जिवाणूंकडून काम करून घेतले आहे, विरजण शेजारी दिले आहे, बिघडले तर शेजारून आणलेही आहे. जिवाणूने काय करायचे, हे त्याच्या आत लिहिलेले असते. त्या लिखाणाला डीएनए म्हणतात आणि त्यातल्या एकेका सूचनेला जनुक. ही सूचना वाचता येते, कापून दुसरीकडे चिकटवता येते, हे १९७०च्या दशकात माणसाला साधले. त्याला जनुक अभियांत्रिकी म्हणतात. पुढे नवी सूचना स्वतः लिहून, अनेक सूचना एकमेकींना जोडून, जिवाणूकडून किंवा यीस्टकडून ठरवलेले काम करून घेता येऊ लागले. ते संश्लेषी जीवशास्त्र. २०१० साली अमेरिकेत क्रेग व्हेंटर यांच्या गटाने एका लहान जिवाणूचा, सुमारे १० लाख अक्षरांचा, संपूर्ण डीएनए प्रयोगशाळेत तयार केला आणि दुसऱ्या जातीच्या पेशीत घालून ती पेशी चालवून दाखवली. 'माणसाने जीव निर्माण केला' अशा बातम्या तेव्हा झळकल्या. वास्तविक पेशी आधीचीच होती, आणि लिखाणही बहुतांशी निसर्गातल्या जिवाणूवरून उतरवलेले होते. कसब मोठे होते, बातमी त्याहून मोठी होती.

विरजणाची उपमा आम्हाला आणखी एका कारणासाठी उपयोगी वाटते. काही वक्ते पेशीला यंत्र म्हणतात, जनुकांना यंत्राचे सुटे भाग म्हणतात. ऐकायला ते नेटके वाटते, पण यंत्र आपणहून पिले घालत नाही. विरजण वाढते. चमच्याचे भांडे होते, हा त्याचा गुण. नको तिथे गेले, तर तिथेही वाढू शकते, ही त्याची काळजी. दोन्ही गोष्टी एकाच उपमेत येतात, काही लपवावे लागत नाही.

आता प्रश्नांकडे येतो, कारण आम्ही जे शिकलो ते बहुतेक प्रश्नांमधून शिकलो. एका महिला मंडळात इन्सुलिनची गोष्ट सांगून झाल्यावर एका आजींनी विचारले, "ते सगळे ठीक आहे, पण मी रोज टोचून घेते ते शाकाहारी की मांसाहारी?"

काहीजण हसले. आजी हसल्या नाहीत. त्यांचे चातुर्मासाचे नियम होते आणि मधुमेह पंचवीस वर्षांचा होता. हा प्रश्न त्यांच्या रोजच्या जगण्यातला होता. त्याचे उत्तर क्रमाने द्यावे लागते. पूर्वी इन्सुलिन गाय आणि डुक्कर यांच्या स्वादुपिंडातून काढत. माणसाच्या इन्सुलिनपेक्षा डुकराचे एका घटकाने वेगळे असते आणि गायीचे तीन घटकांनी. १९७८ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनची सूचना रसायनांपासून अक्षर अक्षर जोडून लिहिली आणि ती आपल्या आतड्यात राहणाऱ्या एका जिवाणूच्या प्रकारात घातली. कोणा माणसाच्या शरीराचा तुकडा त्यासाठी कापलेला नव्हता. १९८२ साली अशा इन्सुलिनला तिथे औषध म्हणून मान्यता मिळाली. आज मिळणारे इन्सुलिन बहुतांशी जिवाणू किंवा यीस्ट यांच्याकडून मोठमोठ्या टाक्यांत तयार करवून, गाळून, शुद्ध करून बाटलीत भरलेले असते. बाटलीत जिवाणू नसतो. म्हणजे कोणत्याही जनावराचा अवयव त्यात नाही. मात्र जिवाणू वाढवताना त्यांना काय खाद्य दिले, ते कुठून आले, हे उत्पादकागणिक वेगळे असू शकते, आणि ते ज्याला महत्त्वाचे वाटते त्याने उत्पादकाला विचारायला हरकत नाही.

एवढे सांगून आम्ही थांबलो. "म्हणजे शाकाहारीच की!" असे आम्ही म्हणालो नाही, कारण तो निवाडा आमच्या शास्त्राचा नव्हता. आजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "डुकराचे नाही ना, मग झाले. दही तरी काय वेगळे असते?" निर्णय त्यांचा होता. आमच्याकडे असलेली माहिती त्यांना पुरेशी आणि खरी मिळाली, आमचे काम तेवढेच.

असाच जवळचा दाखला आपल्या शहरातला आहे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने कावीळ-बची लस बाजारात आणली. विषाणूच्या वेष्टनाचा एक भाग कसा बनवायचा, एवढीच सूचना यीस्टला देऊन ती तयार होते. लशीत कावीळ करणारा विषाणू नसतोच. आयात लशीपेक्षा ती फार स्वस्त होती. आपल्यापैकी कितीतरी घरांत नातवंडांना या पद्धतीची लस टोचलेली आहे. हे सांगितले की 'हे नवे काहीतरी परदेशी आहे' ही भावना विरते, आणि मग खरे प्रश्न येऊ लागतात.

आता एक कडू गोष्ट. आपल्यापैकी अनेकांची मुळे नांदेड, परभणी, लातूर, बीड या भागांत आहेत. तिथे कापसाची शेती करणारे नातेवाईक घरोघरी आहेत. बीटी कापूस हा संश्लेषी जीवशास्त्राचा थोरला भाऊ. मार्च २००२ मध्ये त्याला भारतात परवानगी मिळाली. जमिनीतल्या एका जिवाणूचे जनुक कापसात घातल्यामुळे बोंडअळी ते झाड खाल्ल्यावर मरते. सुरुवातीची वर्षे फवारण्या कमी झाल्या, शेतकऱ्याने बियाणे उचलून धरले.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची आणखी एक पुडी येत असे. त्यात साधे, बिगर-बीटी बियाणे. ते शेताच्या कडेने पेरायचे होते. कशासाठी? त्यावर अळ्या जगाव्यात म्हणून! ऐकायला विचित्र वाटते, पण हिशेब पक्का होता. हजारो अळ्यांत एखादी अशी असते की तिला बीटीचे विष चढत नाही. शेतभर फक्त बीटी असेल तर तीच वाचणार, तिची जोडी तिच्यासारख्याशीच जमणार आणि पुढची सगळी पैदास विषाला दाद न देणारी होणार. कडेच्या साध्या कापसावर साध्या अळ्या जगल्या, तर त्यांच्या पतंगांशी तिच्या पतंगाची जोडी जमते आणि पिल्ले पुन्हा विषाला बळी पडणारी निघतात. कडेच्या ओळी म्हणजे औषधाची धार टिकवण्यासाठी दिलेला खंड होता.

बहुतेक शेतकऱ्यांनी ती पुडी पेरली नाही. आम्ही मराठवाड्यातल्या नातेवाइकांना विचारले तेव्हा बहुतेकांचे उत्तर एकच होते. 'अळीसाठी पीक लावा' हे दुकानदाराने सांगितले नाही, आणि पाकिटातल्या कागदावर छापले होते ते कळले नाही. पाच एकरवाल्याने कडेच्या ओळी अळीला सोडायच्या, तर त्याला कारण कळायला हवे होते, आणि झळ बसली तर ती कोण सोसणार हेही. पुढे गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे बंद केले, आणि २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने बोंडे पोखरून काढली. याला पुडी हे एकच कारण नव्हते. कापूस फेब्रुवारीपर्यंत शेतात उभा ठेवणे, अनधिकृत बियाणे, अशी आणखीही कारणे होती. पण पुडीमागचे शास्त्र पक्के होते आणि ते शेतापर्यंत पोहोचले नाही, हे खरे. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे घालवून मिळवलेले ज्ञान शेवटच्या दहा मिनिटांच्या बोलण्याअभावी वाया जाऊ शकते. विज्ञान सांगणे हे फावल्या वेळचे काम आहे असे कोणी म्हणाले, की आम्ही त्याला ही १२० ग्रॅमची पुडी दाखवतो.

दुसरी गोष्ट आश्वासनांची. आपल्या बेगमपेठेत एक जुनी इमारत आहे. सिकंदराबादच्या मुक्कामात २० ऑगस्ट १८९७ रोजी डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला, त्याचे ते स्मारक. रॉस यांना नोबेल मिळाले. ज्या रुग्णाने स्वतःला डास चावून घेतले त्या हुसेन खानला डासामागे एक आणा मिळाला. विज्ञानात सामान्य माणसाचा वाटा किती आणि मोबदला किती, हा प्रश्न आपल्या शहरात तेव्हापासूनचा आहे.

त्याच मलेरियावरचे आजचे महत्त्वाचे औषध आर्टेमिसिनिन. चीनमधील तू यूयू यांनी एका दवण्याच्या जातीच्या वनस्पतीतून ते १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शोधले आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. ही वनस्पती पिकवायला महिने लागतात आणि भाव सतत खाली-वर होतो. कॅलिफोर्नियातले जे कीसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतीतल्या सूचना यीस्टमध्ये घातल्या. २०१३ पर्यंत एका लिटर द्रावणात २५ ग्रॅम आर्टेमिसिनिक आम्ल मिळू लागले, ज्यापासून औषध तयार करता येते. संश्लेषी जीवशास्त्राचा हा पहिला मोठा विजय म्हणून जगभर गाजला. सानोफी कंपनीने इटलीत कारखाना चालवला. पण शेतकऱ्यांनी लागवड वाढवल्यामुळे वनस्पतीपासूनचे आर्टेमिसिनिन किलोला २५० डॉलरच्याही खाली आले आणि यीस्टपासूनचे ३५० डॉलरच्या पुढे राहिले. २०१५ साली त्या कारखान्यात ते मुळीच बनले नाही आणि पुढे कारखाना विकला गेला.

ही गोष्ट सांगताना दोन मोह होतात. एक, निम्म्यावर थांबून विजयाची तुतारी फुंकायची. दुसरा, शेवट सांगून 'बघा, सगळा फुगा होता' म्हणायचे. आम्ही पूर्ण गोष्ट सांगतो. शास्त्र यशस्वी झाले, बाजारात हरले, आणि ते जिंकले असते तर चीन, व्हिएतनाम, आफ्रिकेतल्या हजारो लहान शेतकऱ्यांचे पीक पडून राहिले असते. औषध स्वस्त व्हावे की शेतकरी टिकावा, हे प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीत ठरत नाही. ज्येष्ठ नागरिक संघात ही गोष्ट सांगितली तेव्हा एक निवृत्त बँक अधिकारी म्हणाले, "म्हणजे तुमचे शास्त्र कळायला आमचा ताळेबंदही लागतो." आम्हाला ते वाक्य पटले.

तिसरी गोष्ट, ठरवायचे कोणी? अमेरिकेत केंब्रिज नावाचे शहर आहे. तिथे १९७६ साली हार्वर्ड विद्यापीठाला जनुके जोडण्याच्या प्रयोगांसाठी विशेष प्रयोगशाळा उभारायची होती. महापौर अल्फ्रेड वेलुची यांनी जाहीर सुनावणी लावली आणि शहराने हे प्रयोग काही महिने थांबवले. मग आठ नागरिकांची समिती नेमली. त्यात नर्स म्हणून काम केलेली एक जोगीण होती, अभियंता होता, डॉक्टर होता, घरे गरम ठेवण्याचे तेल विकणारा व्यापारी होता. या विषयात संशोधन करणारे कोणी नव्हते. त्यांनी अनेक बैठकांत शास्त्रज्ञांना बोलावले, उलटसुलट प्रश्न विचारले आणि जानेवारी १९७७ मध्ये सांगितले की काम होऊ द्या, पण या जादा अटींवर. शहराने तसा कायदा केला. नियम स्पष्ट झाल्यामुळे पुढे याच शहरात जैवतंत्रज्ञानाचे उद्योग आले, आणि आज ते या क्षेत्राचे जगातले एक मोठे केंद्र आहे. तेलाच्या व्यापाऱ्याला जनुक समजावून सांगता येते आणि तो त्यावर विचारपूर्वक मत देऊ शकतो, याचा याहून चांगला पुरावा आम्हाला माहीत नाही.

आपल्याकडेही असा प्रसंग आला होता. बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने मान्यता दिली. त्यानंतर पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. नागपूर होते, अहमदाबाद होते, आपले हैदराबादही होते. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी वांग्याला स्थगिती दिली. तो निर्णय बरोबर होता की चूक, यावर आमच्यातच एकमत नाही. पण क्रमाबद्दल आहे. तज्ज्ञांचे आधी ठरले आणि लोकांना नंतर विचारले, त्यामुळे काही सभांत प्रश्नोत्तरांपेक्षा घोषणाच जास्त झाल्या. विचारायचे तर आधी विचारावे.

नववीतल्या एका मुलाने आम्हाला विचारले होते, "असे लिहून कोणी रोगाचा विषाणूही बनवू शकेल का?" वर्ग एकदम शांत झाला. याला 'छे, छे' हे उत्तर नाही. २००२ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी डीएनएचे तुकडे टपालाने मागवून पोलिओचा विषाणू जुळवून दाखवला होता. म्हणून डीएनए लिहून देणाऱ्या अनेक कंपन्या आज मागणी तपासून घेतात. सगळ्या घेत नाहीत, आणि सगळीकडे तसा कायदाही नाही. हे आम्ही त्याला जसेच्या तसे सांगितले. त्याचा पुढचा प्रश्न होता, "मग कायदा का करत नाहीत?" असा प्रश्न विचारणारे लाखभर विद्यार्थी देशात असतील, तर कायदा लवकर होईल, असे आम्हाला वाटते.

शेवटी भाषेविषयी. १९१८ साली याच शहरात उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. तिथे गणित, पदार्थविज्ञान, वैद्यक सारे उर्दूतून शिकवत. परिभाषा घडवण्यासाठी खास भाषांतर विभाग होता. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येक मराठी माणसे उर्दूतून विज्ञान शिकून डॉक्टर-इंजिनियर झाली. भारतीय भाषेत विज्ञान मावत नाही, असे निदान हैदराबादकराने तरी म्हणू नये. मराठीतही १९२८ पासून 'सृष्टिज्ञान' मासिक आणि १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद हे काम करत आहेत. जिथे मराठी शब्द रुळला आहे तिथे आम्ही तो वापरतो, 'यीस्ट' किंवा 'डीएनए' लोकांच्या तोंडी असेल तर तोच ठेवतो. शब्द शुद्ध असण्यापेक्षा समोरच्याला पुढचा प्रश्न सुचणे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

आमच्या गटाचे चार नियम आहेत. भाषणाआधी लोकांशी थोडे बोलायचे, त्यांना काय माहीत आहे आणि कशाची काळजी आहे ते पाहायचे. फायदा सांगितला की त्याच दमात तोटा, किंमत आणि मालक कोण तेही सांगायचे. उपमा कुठे तुटते ते स्वतःहून दाखवायचे. आणि निम्मा वेळ प्रश्नांसाठी राखायचा.

येत्या काळात बदललेले बियाणे, टाकीत बनवलेले दुधातले प्रथिन, मलेरिया पसरवू न शकणारे डास अशा अनेक गोष्टी आपल्या दारात येतील. त्यांपैकी काही चांगल्या असतील, काही नसतील. त्या वेळी आपल्याला कोणी 'हे तुम्हाला कळणार नाही' म्हणाले, तर ऐकून घेऊ नका. कळेल असे सांगायला लावा. आणि आमच्यापैकी कोणी तसे म्हणाले, तर आम्हालाही सोडू नका.

 आरतीला अजून अर्धा तास आहे. आमच्या नियमाप्रमाणे तो प्रश्नांचा.

गणपती बाप्पा मोरया!